चाळीस चंद्र कमी

सोमवार, २५ नोव्हेंबर १९९६

वाणीसाहेब काल सकाळी गेले. चहा झाला होता, पायात चपला घालून दाराशी खुर्चीवर बसले होते, आणि तसेच गेले. रविवारी सकाळी कुठे निघाले होते कोण जाणे. पांडेसऱ्याला काहीतरी समाजसेवा करतात एवढं ऐकून होते.

मी अश्विनीकुमारच्या स्मशानात जाऊन आले. बायका सहसा जात नाहीत, पण मला कोण अडवणार? विद्यापीठाचे पहिले कुलसचिव. त्यांच्या हाताखाली आस्थापना विभागात मी सहा वर्षं काढली. शेवटचं दर्शन हा शिष्टाचार आहे, तो पाळला.

रडू आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

योगेंद्र बोरसे येऊन गेला. आपल्या इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, पर्वत पाटियाला साड्यांचं दुकान आहे. १५ डिसेंबरला शोकसभा ठरवली आहे आणि स्मरणिकाही काढायची आहे. त्यात साहेबांचा जीवनपट मी लिहायचा आणि सभेत वाचायचा. मी नको म्हटलं. तो म्हणाला, ताई, साहेबांच्या ऑफिसातलं आता सुरतेत तुमच्याशिवाय आहे कोण? खरंच आहे. बाकीचे एक तर पुण्याला गेले नाहीतर वर गेले.

स्मरणिकेचं कव्हर तयारच आहे म्हणाला. जूनमध्ये मंडळाने साहेबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं होतं, तेव्हाचं. रेकॉर्डवर जन्म १ जून १९१५, म्हणजे ८१ पुरी, हजार चंद्र झाले. पाचशे कव्हरं छापून आणली, वर सोनेरी चंद्र, आणि साहेबांनी ऐन वेळी नकार दिला. मी तेव्हा तिथे होते. हसून म्हणाले, "अजून चाळीस चंद्र कमी आहेत, योगेंद्र. तोवर थांब." सगळे हसले. मला रागच आला होता. कधी आकडा न चुकलेला माणूस, आणि नाही म्हणायला असली सबब. नाही म्हणायची त्यांना सवयच होती म्हणा.

आता तीच कव्हरं वापरणार. सुरतेच्या पाण्यात काटकसर आहे.

शनिवार, ३० नोव्हेंबर

तीन दिवस कागद समोर आहे. 'शिस्तप्रिय', 'कर्तव्यकठोर' असले शब्द लिहिले आणि खोडले. इथे कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहिते.

मला शाळेत लवकर घालायचं म्हणून वडिलांनी माझं वय दीड वर्ष वाढवून लावलं. त्या काळी घरोघरी तेच. खरा जन्म ३ डिसेंबर १९३३, कागदावर १ जून १९३२. गावच्या नगरपालिकेचा खरा दाखला मला उशिरा मिळाला. १९७३च्या फेब्रुवारीत मी साहेबांकडे दुरुस्तीचा अर्ज दिला. नियम असा की नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज आला पाहिजे. मला सात महिने उशीर झाला होता.

त्यांनी दाखला दोनदा वाचला. म्हणाले, "तुमचं खरं आहे याबद्दल मला शंका नाही, शैलजाबाई. पण कागद बदलता येणार नाही." मी म्हटलं, "चुकीची तारीख घेऊन जगणं म्हणजे काय, ते तुम्हाला काय कळणार साहेब." कुलसचिवांशी असं बोलायची कोणाची छाती नव्हती. त्यांनी शिपायाला हाक मारून माझ्यासाठी चहा मागवला. आल्याचा होता, कपाचा कान तुटलेला होता. मी तो तसाच ठेवून उठले.

कागदाप्रमाणे मी मे १९९०ला निवृत्त झाले. जानेवारी ९१मध्ये सहायक कुलसचिवाची जागा निघाली. त्या खुर्चीवर आजवर बाई बसलेली नव्हती. यादीत पहिलं नाव माझं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी घरी बसून वाल सोलत होते.

अशा माणसाबद्दल मी चार लोकांत काय बोलणार? खोटं बोलले तर माझी मलाच लाज वाटेल. खरं बोलले तर मेलेल्या माणसाची उणीदुणी काढल्यासारखं होईल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते माझ्यासारख्यांनाच बघून म्हटलं असणार.

मंगळवार, ३ डिसेंबर

आज त्रेसष्ट पूर्ण. कोणाला ठाऊक नाही. सगळे १ जूनलाच शुभेच्छा देतात, आणि मीही पेढे वाटते. आज स्वतःपुरता शिरा केला. बेदाणे नव्हते.

शुक्रवार, ६ डिसेंबर

साहेबांचा तेरावा होता. जेवणं आटोपल्यावर जयश्रीने थांबवून घेतलं. जयश्री साहेबांची मुलगी, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. जीवनपटासाठी काही सापडेल म्हणून तिने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून दिली.

पेटीत पोस्टकार्डं. शेकडो. वर्षवार गठ्ठे, साडीच्या काठांच्या पट्ट्यांनी बांधलेले. प्रत्येक कार्डावर पत्ता साहेबांचा स्वतःचा आणि अक्षरही त्यांचंच. उलटून पाहिलं तर मागची बाजू कोरी. दुसरं, तिसरं, विसावं, सगळी कोरी. एकावर हळदीचं बोट उमटलेलं, बस. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने एकेक आकडा, जावक क्रमांक घालावा तसा. शिक्के साक्रीचे, पारोळ्याचे, शिंदखेड्याचे.

म्हणजे हा माणूस गावोगाव जाऊन स्वतःलाच कोरी कार्डं टाकत होता? निवृत्तीनंतर माणसं भ्रमिष्ट होतात हे पाहिलं आहे, पण वाणीसाहेब? जयश्री ताटं आवरत होती. तिला काही न बोलता मी पेटी बंद केली. माझा राग होता खरा, पण त्यांचं असं हसं व्हावं असं मला कधीच वाटलं नव्हतं.

घरी येऊन टपालाची पेटी उघडली. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साहेबांचं कार्ड यायचं. ते निवृत्त झाल्यापासून एकदाही चुकलं नाही. एकच ओळ, 'प्रकृतीस जपावे', खाली सही. वर तारीखसुद्धा नसायची. बिनतारखेचा कागद दिसला की आख्खा विभाग उभा करणारा हा माणूस, आणि स्वतःच्या पत्रावर तारीख नाही. वयाचा परिणाम, दुसरं काय. मी उत्तर कधी दिलं नाही. यंदा येणार नाही हे माहीत होतं, तरी पेटी उघडून पाहिली.

रविवार, ८ डिसेंबर

पांडेसऱ्याला गेले. समाजसेवेबद्दल दोन ओळी तरी हव्यात म्हणून जयश्रीकडून पत्ता घेतला होता. रिक्षावाल्याने डाइंग हाऊसच्या मागे सोडलं. गटारात निळं पाणी वाहत होतं. चाळीच्या एका ओट्यावर टेबल मांडलेलं, त्यावर फडकं, फडक्यावर शाईची दौत, भिंग आणि एक जाड रजिस्टर. खुर्ची रिकामी. टेबल आजही मांडलं होतं.

टेबल मांडणाऱ्या बाईचं नाव शोभाबाई. वय साठीचं. नवरा सुकलाल मिलमध्ये होता, आता नाही. मी साहेबांच्या ऑफिसातली म्हटल्यावर तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही. शेजारच्या पाटावर बसले.

तिने सांगितलं ते असं. खानदेशातल्या बायका पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात. पोर जन्मतं तिकडे, वाढतं इकडे. जन्माची नोंद तिकडेही राहून जाते आणि इकडेही. मग शाळेत घालायला नेलं की मास्तर बोटं मोजून १ जून टाकतो. साहेब गेली तेवीस वर्षं दर रविवारी इथे बसत. बाई माहेरी निघाली की तिचं नाव रजिस्टरात लिहायचे, तिला आपल्या पत्त्याचं कार्ड द्यायचे, कोपऱ्यात रजिस्टरातला आकडा घालायचे. पोर झालं की कार्ड पेटीत टाकायचं. कार्ड आलं की साहेब भिंगाने शिक्का वाचायचे आणि त्या गावच्या ग्रामसेवकाला लिहायचे, मुदतीच्या आत नोंद करा म्हणून. दाखला हातात येईपर्यंत पाठ सोडायचे नाहीत. दोन वर्षांमागे प्लेगच्या वेळी अर्धी चाळ गावाला पळाली होती, तेव्हाही टेबल मांडलेलं होतं.

मी विचारलं, कार्डं कोरी का मग? शोभाबाई माझ्याकडे पाहून हसली. मला इतकंही कळू नये याचं तिला नवल वाटलं असणार.

"ताई, माले लिखता येत नई. मन्या मायले बी येत नई. साहेबनी सांगं व्हतं, कोरंज टाक. शिक्का बोली."

शिक्काच बोलेल. मी रजिस्टर उघडलं. सहाशे एक्केचाळीस नावं. प्रत्येकासमोर शिक्क्याची तारीख, आणि पुढे बारीक अक्षरात खरी तारीख. 'शिक्क्याच्या आदल्या दिवशी, सकाळी. आजीला विचारून खात्री केली.' शेवटच्या नावापुढे दोन्ही रकाने रिकामे. ते नाव ताराचं, शोभाबाईच्या सुनेचं. ती दिवाळीनंतर साक्रीकडे माहेरी गेली आहे. कार्ड तिच्याजवळ आहे.

"आते कार्ड ई, तवय कोन वाची?" शोभाबाई म्हणाली. कार्ड येईल तेव्हा वाचणार कोण? मी रजिस्टर मिटून उठले. रिक्षात बसल्यावर वाटलं, काहीतरी बोलायला हवं होतं.

आणि परवा मी त्यांना भ्रमिष्ट म्हणून मोकळी झाले होते. उंटावरची शहाणी.

मंगळवार, १० डिसेंबर

पांडेसऱ्यातलं सांगायला जयश्रीकडे गेले. तिला कार्डांचं सगळं माहीत होतं. तिला वाटलं मलाही माहीत असेल. बोलता बोलता मी जीवनपट वाचून दाखवायला लागले, 'जन्म १ जून १९१५', आणि ती म्हणाली, "मावशी, ती शाळेची तारीख हो. आम्ही घरी दादांना कार्तिकात ओवाळायचो."

साहेब जन्मले मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत. घरची आधीची दोन मुलं त्याच साथीत गेली होती, म्हणून याला दृष्ट लागू नये यासाठी नाव ठेवलं चिंधा. सी. एस. वाणीतला 'सी' तो. मला इतकी वर्षं चिंतामण वाटत होतं. गावच्या शाळेत इन्स्पेक्टर येणार होता आणि पटावर पोरं कमी होती, म्हणून मास्तरांनी या तीन वर्षांच्या पोराला उचलून वर्गात बसवलं आणि सहा वर्षांचा म्हणून लिहिलं. तीन वर्षं पहिलीतच होते, असं स्वतः हसून सांगायचे म्हणे.

मानमोडी १९१८ची. हे मला माझ्या आजीकडून ठाऊक आहे.

मी तिथेच बोटांवर मोजायला लागले. १९१८चा कार्तिक. म्हणजे मे ७३मध्ये कागदावर अठ्ठावन्न होऊन निवृत्त झाले तेव्हा ते साडेचोपन्नचे होते. माझी दीड वर्षं गेली. त्यांची साडेतीन. माझा अर्ज त्यांनी फेब्रुवारीत नाकारला, आणि तीन महिन्यांत स्वतः टेबल रिकामं करून निघून गेले.

मी जयश्रीला विचारलं, त्यांनी स्वतःची का नाही बदलून घेतली? ती म्हणाली, "आई मागे लागायची. पण कागद कुठून आणणार? त्या वर्षी गावात मेलेले मोजायला माणूस नव्हता, जन्मलेले कोण लिहिणार? प्रतिज्ञापत्र करा म्हणायचे लोक. तर दादा म्हणायचे, इतक्यांना मी नाही म्हटलंय. आता माझ्याच अर्जावर मीच हो म्हणू का?"

'चुकीची तारीख घेऊन जगणं म्हणजे काय, ते तुम्हाला काय कळणार साहेब.' हे मी बोलले होते. त्यांच्या तोंडावर. आणि त्यांनी चहा मागवला होता.

निघताना जयश्रीने पेटी माझ्या हातात दिली. नको म्हणवलं नाही.

बुधवार, ११ डिसेंबर

चाळीस चंद्रांचं काल सुचलंच नाही. आज कागद घेऊन बसले. नोव्हेंबर १९१८ ते जून १९९६. अधिक महिने धरून नऊशे साठ पौर्णिमा. हजाराला बरोबर चाळीस कमी. तीनदा मांडून पाहिलं.

आकडा चुकला नव्हताच. भर सभेत खरी जन्मतारीख सांगून टाकली होती आणि आम्ही सगळे हसलो होतो.

योगेंद्रला फोन करून सांगितलं की कव्हर चुकीचं आहे. तो म्हणाला, "चालशे, ताई. सगळ्यांना ८१ माहीत आहे. रेकॉर्ड आहे ना?" रेकॉर्ड मला शिकवतोय.

रविवार, १५ डिसेंबर

सभा झाली. हॉल निम्मा भरला असेल. स्मरणिकेवर सोनेरी चंद्र चमकत होता. मागच्या चार ओळींत पांडेसऱ्याची माणसं बसली होती. बायकांनी नवी लुगडी नेसलेली, मांडीवर पोरं. व्यासपीठावरच्यांना वाटलं, कोणा पुढाऱ्याने माणसं आणली.

मी उभी राहिले. लिहिलेलं वाचलं नाही. म्हटलं, रेकॉर्डप्रमाणे साहेबांचा जन्म १ जून १९१५, ती तारीख बदलता येणार नाही, आणि मी ती बदलत नाही. मग ते खरे कधी जन्मले ते सांगितलं. माझा अर्ज, माझे शब्द, तो चहा, सगळं सांगितलं. म्हटलं, तेवीस वर्षं मी या माणसावर रुसून होते. नियमाने त्यांनी माझी दीड वर्षं घेतली असं मी म्हणत होते. त्याच नियमाने त्यांची साडेतीन गेली होती आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही. उलट इथून पुढे कोणा पोराचं असं होऊ नये म्हणून रविवार दिले. साहेबांना हजार चंद्र दिसले नाहीत. पण मागच्या ओळींत बसलेल्या सहाशे चाळीस पोरांच्या तारखा खऱ्या आहेत.

सहाशे चाळीस पोरं तिथे नव्हती अर्थात. बोलण्याच्या भरात गेलं. वाणीसाहेबांनी लाल पेन्सिल चालवली असती.

खाली उतरले. योगेंद्रने पाणी दिलं आणि हळूच विचारलं, उरलेल्या प्रतींवर चिकटपट्टी लावू का? मी म्हटलं, राहू दे, चंद्र सुरेख आहे.

मंगळवार, १७ डिसेंबर

जयश्री सकाळी शाळेत जाताना एक कार्ड देऊन गेली. साहेबांच्या अक्षरात साहेबांचा पत्ता, कोपऱ्यात ६४१. मागे कोरं.

माझ्या चष्म्याने शिक्का लागेना. पांडेसऱ्याला जाऊन भिंग घेतलं. ११ डिसेंबर. शोभाबाईला गावाहून बसने निरोप आलेला होता. मुलगी झाली, मंगळवारी, दिवस मावळायच्या आधी. म्हणजे १० तारीख. शिक्क्याच्या आदल्या दिवशी. मी दोनदा विचारून खात्री केली आणि रजिस्टरात दोन्ही रकाने भरले. तिथेच बसून ग्रामसेवकाला पत्र लिहिलं. पत्र झाल्यावर लक्षात आलं की मी खुर्चीवर बसले आहे. शोभाबाईने विचारलं, रविवारी टेबल किती वाजता मांडू? नऊ, म्हटलं. शिक्के वाचायची सवय व्हावी म्हणून भिंग घरी आणलं.

सवय करायला घरात जुनी कार्डं होती ती काढली. साहेबांची, 'प्रकृतीस जपावे'वाली. का ठेवली होती कोण जाणे, पण सगळी ठेवली होती, शिवणाच्या डब्यात, दोऱ्याने बांधून. तेवीस.

पहिलं भिंगाखाली धरलं. सुरत, ३ डिसें. ७३.

दुसरं. ३ डिसें. ७४.

मग भराभर सगळी पाहिली. ३ डिसें., ३ डिसें., ३ डिसें. तीन कार्डांवर मात्र २ आहे, ७८, ८९ आणि ९५. जुन्या डायऱ्या काढून पाहिलं. त्या तीन वर्षी ३ तारखेला रविवार होता, टपाल बंद.

माझी खरी तारीख त्यांनी एकदाच पाहिली होती, त्या दाखल्यावर, दोनदा वाचून.

तेवीस वर्षं हा माणूस माझ्या वाढदिवसाला टपालपेटीपर्यंत चालत जात होता, आणि मी एकदाही शिक्का वाचला नाही. आता मात्र मी रडले. चांगली पोटभर रडले. शेजारच्या मालतीबाई काय झालं म्हणून विचारायला आल्या, त्यांना वाढदिवस आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचा तर जूनमध्ये असतो ना?

कार्डं अजून टेबलावर आहेत. वर उजव्या कोपऱ्यात, जिथे तारीख घालतात, तिथे तेवीसच्या तेवीस कार्डांवर बोटभर जागा मोकळी सोडलेली आहे.